घरातलं सगळ्यात बिलंदर जनावर

वालूरच्या शिवकन्येला कॉलेजात कायम सगळ्यांच्या आधी पुढं ढकललं जायचं. तोंडी परीक्षा असो, प्राचार्यांकडं सुट्टी मागायची असो, की नवे सर तापट आहेत का गरीब हे बघायचं असो, वर्ग तिच्याकडं बघायचा. ती धीट होती, एवढाच तिचा गुन्हा. आत जायची, काय काय विचारलं ते बाहेर येऊन इमानदारीत सांगायची, आणि मागून जाणाऱ्यांना तिच्यापेक्षा जास्त मार्क पडायचे. कुणी साधं आभार मानल्याचं तिला आठवत नव्हतं.

सेलूच्या कॉलेजात ती बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला होती. त्या वर्षी संभाजीनगरची एक बिस्किटांची कंपनी मुलं निवडायला आली. नोकरी नव्हती, चार आठवड्यांची इंटर्नशिप होती; पण राहायची सोय कंपनीची आणि शेवटी सर्टिफिकेट. जागा तीन होत्या आणि नावं दिली होती जवळजवळ अख्ख्या वर्गानं. असली कामं भुजंग सरांकडं असायची. त्यांनी सगळ्यांना तयारी करायला बजावलं. तयारी म्हणजे मोबाइलवर इंटरव्ह्यूचे व्हिडिओ बघणं. सगळ्यांनी तेच व्हिडिओ बघितले, त्यामुळं सगळ्यांची उत्तरंही तीच झाली. ‘तुमच्यातला दोष सांगा’ म्हटलं की वर्गात कुणालाही उठवा, एकच उत्तर यायचं: मी कामात इतका बुडून जातो की मला वेळेचं भान राहत नाही. बोरीचा परमेश्वरही आरशासमोर हेच घोकायचा. आणि परमेश्वर असा की हजेरीला त्यानं म्हटलेलं ‘हजर’ सरांना कधी ऐकू आलं नव्हतं. समोर बसलेला दिसतोय म्हणून सर टिकमार्क करायचे.

इंटरव्ह्यूच्या दिवशी वाचनालयाशेजारच्या खोलीत कंपनीची दोन माणसं बसली. राजेश्री मॅडम आणि त्यांच्या हाताखालचे सुगत सर. भुजंग सर दारात येऊन म्हणाले, “कोण येतंय आधी?”

सगळे एकेक पाऊल मागं सरकले. फक्त शिवकन्येच्या पाठीला मागून हात लागला. देवगाव फाट्याचा गोपीचंद होता. त्याच्या वडिलांचं फाट्यावर चहाचं हॉटेल होतं आणि गिऱ्हाइकाला बोलता बोलता बाकड्यावर बसवायची सवय पोरालाही लागली होती.

“जा की,” तो म्हणाला. “तू जाऊन ये, मग आमाला सांग. तुला काय भ्याव हाय का कुणाचं?”

ती गेली. आत जे झालं ते सांगण्यासारखं नव्हतं. स्वतःबद्दल सांगा म्हणाले, तिनं पाठ केलेलं सांगितलं. आमच्याच कंपनीत का यायचंय म्हणाले, तिनं तेही पाठच केलं होतं. दोष विचारला, तिनं वेळेचं भान राहत नाही म्हणून सांगितलं. राजेश्री मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि सुगत सरांनी तोंडावर हात धरून जांभई दिली. ‘कळवू आम्ही’ म्हणाले. ती बाहेर आली तेव्हा तिला स्वतःचाच राग आला होता, आणि नेमका त्याच वेळी सगळ्यांनी तिला गराडा घातला.

“काय इचारलं?” गोपीचंद.

पुढं जे तिच्या तोंडून निघालं ते तिनं ठरवलेलं नव्हतं. तोंड उघडलं आणि ते बाहेर आलं.

“अभ्यासाचं काईच न्हाई,” ती म्हणाली. “जनावराचं इचारतेत.”

“कशाचं?”

“जनावराचं. घरातलं सगळ्यात बिलंदर जनावर कोणतं, त्यानं काय काय उद्योग केले, अन् त्याच्याकून तुमी काय शिकलात.”

मुलं एकमेकांकडं बघायला लागली. गोपीचंदनं डोळे बारीक केले. “बिस्किटाच्या कंपनीला जनावरं कशाला लागतेत?”

“तेच तर,” शिवकन्या म्हणाली. आता तिला रंग चढला होता. “पाठ केलेलं कोण बोलायलंय अन् मनातलं कोण, ते बघतेत. मानसशास्त्र हाय ते. आन ऐक, सरळ इचारीत न्हाईत. इकडचं तिकडचं इचारून वाट बघतेत. जो आपून होऊन इषय काढंल, त्याला जादा मार्क.”

तिचा चेहरा इतका गंभीर होता की दोन-तीन जण लगेच कोपऱ्यात जाऊन कोणतं जनावर घ्यायचं याचा विचार करायला लागले. तरी बाकीच्यांना शंका होतीच. तेवढ्यात परमेश्वरचं नाव पुकारलं गेलं आणि तो कसायाकडं निघालेल्या बोकडासारखा आत गेला.

शिवकन्येला वाटलं, हा आता लगेच बाहेर येईल आणि सगळं उघडं पडेल. तिनं पायऱ्यांकडं सरकून पळायची तयारी केली. पण परमेश्वर येईना. उलट आतून हसण्याचा आवाज आला. मग आणखी मोठ्यानं. भुजंग सरांनी काळजीनं दाराला कान लावला. खूप वेळानं परमेश्वर बाहेर आला, रुमालानं मान पुसत.

“जनावराचं इचारलं का रं?” सगळे एकदम म्हणाले.

परमेश्वरनं शिवकन्येकडं बघितलं आणि शांतपणे मान हलवली. “हां,” तो म्हणाला. “जनावराचंच.”

परमेश्वर खोटं बोलत नाही, हे सगळ्या कॉलेजाला माहीत होतं. संपलं मग. वऱ्हांड्यात जो कल्ला उसळला तो विचारू नका. कुणी घरी फोन लावून ‘आपली तांबडी गाय कोणत्या साली उधळली होती’ विचारत होतं. ज्यांच्याकडं जनावरच नव्हतं ते दुसऱ्याकडून मागून घेत होते. गोपीचंदकडं फाट्यावरचं कुत्रं होतं. हे कुत्रं जिंतूरच्या एसटीत चढायचं, सीटखाली बसून जायचं आणि पुढच्या गाडीनं परत यायचं. कंडक्टरही त्याला ओळखत होते. गोपीचंदनं आत जाऊन ते असं रंगवलं की सुगत सरांनी कुत्र्याचं नाव लिहून घेतलं.

शिवकन्या मात्र कोड्यात पडली होती. आपण खोटं सांगितलं आणि ते खरं कसं झालं, हे तिला कळेना. चक्रावून ती कँटीनमध्ये जाऊन बसली. तिथून परत आली तेव्हा तिची जिवाभावाची मैत्रीण निकिता आत गेलेली होती. निकिता सेलूतलीच, बाजारपेठेत मोबाइलच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर राहणारी. ड्रेसला इस्त्री करता करता तिला उशीर झाला होता आणि जनावराची बातमी तिला गोपीचंदकडून कळली होती. शिवकन्या दाराकडं धावली. बाकीच्यांना फसवायला तिची हरकत नव्हती, निकिताला फसवायचं नव्हतं. पण दार बंद होतं. निकिता बाहेर आली ती हसत, आणि शिवकन्येला बघितल्यावर तिचं हसू एकदम कमी झालं. ‘घरी काम आहे’ म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी निवड झालेल्यांची नावं आली. परमेश्वर, गोपीचंद आणि निकिता.

शिवकन्येनं नावं दोनदा वाचली. मग मोबाइल बंद करून पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसली. पाठ केलेलं का असेना, पण प्रश्नाला उत्तरं देणारी सगळ्यांत तीच एकटी होती. तीच राहिली. आणि ज्यांना तिनं खड्ड्यात घातलं, ते खड्ड्यातून हत्तीवर बसून बाहेर निघाले.

तिथंच तिला परमेश्वर पेढ्यांचा पुडा घेऊन सापडला.

“खा,” तो म्हणाला. “तुझ्यामुळं झालं.”

“माझ्यामुळं काई झालं न्हाई,” ती म्हणाली. तिला आता कुणाचं गोड खाववत नव्हतं. “मी फेकली होती, परमेश्वर. त्यांनी मला जनावराचं काई इचारलंच नव्हतं.”

“मला म्हाईत हाय की.”

“म्हाईत हाय?”

परमेश्वर तिच्यापासून हातभर लांब बसला. एवढं बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळं तो जमिनीकडं बघून बोलत होता. “आत गेलो. मॅडम म्हणल्या, स्वतःबद्दल सांगा. मी म्हणलं, माय नेम इज परमेश्वर. अन् पुढचं सगळं उडून गेलं. ते बघायलेत माझ्याकडं, मी बघायलोय त्यांच्याकडं. मग मी इचारलं, मॅडम, जनावराचं कवा इचारणार? त्या म्हणल्या, कोणतं जनावर? तवाच समजलं, तू फेकलीस.”

“मग रं?”

“मग काय. इषय तर निघाला होता. म्हणलं, आमचा पाखऱ्या बैल हाय. माय-बाप ऊस तोडायला जातेत, तवा गाडीला तोच असतो. कारखान्यावर गाड्यांची ही लांब रांग लागती. रांग सरकली की गाडी पुढं घ्यावी लागती, न्हाईतर मागचा घुसतो. बाप दमून गाडीतच झोपायचा. पाखऱ्या आपला आपून पुढं सरकायचा. एकदा त्यानं बघितलं, बाजूची रांग भराभर जायलीय. गाडी घेऊन गेला की तिकडं. बापाला जाग आली तवा गाडी वजनकाट्यावर अन् दुसऱ्या टोळीची माणसं शिव्या द्यायलीत. सुगत सर तर चष्मा काढून डोळे पुसायले.”

शिवकन्या हसली. मग तिला आठवलं. “आन बाहेर आल्यावर तू हां कशामुळं म्हणलास? तुला तर समजलं होतं.”

“तू एवढी मेहनत घेतली होतीस,” परमेश्वर म्हणाला. “वाया कशाला घालायची म्हणलं.”

शिवकन्येनं त्याच्याकडं नव्यानं बघितलं. हे बोरीचं मुकं पोरगं इतकी वर्षं मागच्या बाकावर काय काय दाबून बसलं होतं, कुणास ठाऊक. तिनं पेढा घेतला.

“पण निकिताची म्हैस लयच भारी बाबा,” परमेश्वर पुढं म्हणाला. “आमच्या ग्रुपवर मॅडमनी टाकलंय. दावणीची कडी जिभेनं काढती, शेजारणीचा कडबा खाती, अन् कुणी उठायच्या आत परत येऊन जागेवर गुमान उभी राहती. मॅडमला म्हशीचा व्हिडिओ पायजे.”

पेढा शिवकन्येच्या तोंडात तसाच राहिला. दुसऱ्या मजल्यावर, मोबाइलच्या दुकानाच्या वर, म्हैस?

ती म्हैस शिवकन्येची होती. तिचं नाव कलेक्टरीण. रोज सकाळी आपली आपण कडी काढून गावात पाहणी करून यायची म्हणून शिवकन्येच्या आईनं, कडूबाईनं, ते नाव ठेवलं होतं. शेजारच्या बायनाबाईचा कडबा कमी व्हायला लागला, तेव्हा बायनाबाई तिसऱ्याच घरच्या शेळीवरून महिनाभर भांडली होती. एके दिवशी कलेक्टरिणीच्या शिंगाला कडब्याची पेंढी अडकलेली सापडली, तेव्हा कुठं उलगडा झाला. ही सगळी कथा शिवकन्येनं निकिताला कितीदा तरी सांगितली होती, आणि निकितानं ती सगळी, शिंगातल्या पेंढीसकट, आत जाऊन स्वतःची म्हणून सांगितली होती.

शिवकन्या निकिताकडं गेली नाही. तिनं वाट बघायचं ठरवलं. ज्याला म्हैस पाहिजे, तो म्हशीकडं येतोच.

रविवारी सकाळी निकिताची स्कूटी वालूरला त्यांच्या दारात उभी राहिली. फिकट आकाशी ड्रेस, पांढरी ओढणी.

“कशी काय वाट चुकलीस?” शिवकन्या म्हणाली.

“तुझी आठवण आली.”

“माझी का म्हशीची?”

निकिताचा चेहरा पडला. ती ओट्यावर बसली. “शिवे, तूच सांगितलं होतंस ना सगळ्यांना, जनावराचं विचारतात म्हणून. माझ्याकडं काय होतं? घरात एक पाल आहे. पालीवर मी किती बोलणार? तोंडात तुझीच म्हैस आली. आता मॅडम म्हणतात, तुमची ओळख कंपनीच्या पानावर टाकायचीय, म्हशीजवळ उभं राहून व्हिडिओ कॉल करा. मी हो म्हणून बसलेय. आज दुपारी.”

शिवकन्येला मनातून हसू येत होतं आणि रागही येत होता. खोटं बोलायला सुरुवात कुणी केली, हे निकिताला अजून कळलेलं नव्हतं. ते सांगून टाकावं असं तिला एकदा वाटलं. मग तिनं त्या इस्त्रीच्या ड्रेसकडं बघितलं आणि विचार बदलला.

“म्हैस देते,” ती म्हणाली. “पण कलेक्टरीण अनोळखी माणसाला जवळ येऊ देत न्हाई. लय मारकी हाय. तिच्याशी ओळख करावी लागती.”

“कशी?”

“आधी शेण काढायचं. मग पाणी पाजायचं. मग अंग घासून धुवायचं. मग ती वास घेती माणसाचा. पटला तर पटला.”

खरं म्हणजे कलेक्टरीण इतकी गरीब होती की बायनाबाईची नातवंडं तिच्या पाठीवर बसून चिंचा खायची. पण निकितानं ओढणी कमरेला खोचली, नाक दाबलं आणि पाटी उचलली. कडूबाई शेतातून आली तेव्हा तिनं बघितलं, सेलूची पाव्हणी शेणाचा घमघमाट सुटलेल्या ड्रेसात म्हशीच्या शेपटीकडून अंग घासायलीय आणि आपली लेक बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा खायलीय.

“अगं, पाव्हणी हाय ना ती?” कडूबाई म्हणाली.

“हौस हाय तिला, माय.”

“असली कसली हौस?” असं पुटपुटत कडूबाई चहा ठेवायला आत गेली.

दुपारी मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. शिवकन्येनं मोबाइल खांबाला बांधला आणि ती बाजूला, मॅडमला दिसणार नाही अशी उभी राहिली. निकिता म्हशीच्या मानेवर हात ठेवून उभी होती. पलीकडं राजेश्री मॅडम आणि मागं सुगत सर.

“वा, हीच का ती?” मॅडम म्हणाल्या. “नाव काय हिचं?”

“कलेक्टरीण,” निकिता म्हणाली. आणि कलेक्टरिणीनं तिच्या ओढणीचं टोक तोंडात घेतलं.

निकितानं ओढणी ओढली. म्हशीनंही ओढली. निकिता हसायचा प्रयत्न करत होती, पण ओढणी हळूहळू आत चालली होती. “लाडात आलीय, मॅडम,” ती म्हणाली. शिवकन्येला राहवलं नाही, तिनं तोंडानं हलकं ‘च्च’ केलं. म्हशीनं लगेच ओढणी सोडली, मान वळवली आणि ती शिवकन्येकडं बघत राहिली. निकितानं तिचं तोंड धरून मोबाइलकडं वळवलं. ते परत शिवकन्येकडं गेलं. पुन्हा वळवलं. पुन्हा गेलं.

“ती सारखी तिकडं कुणाकडं बघतेय?” मॅडमनी विचारलं.

याच वेळी कडूबाई चहाचे कप घेऊन बाहेर आली. खांबाला मोबाइल, त्यात माणसं, हे बघून तिनं पदर सारखा केला. पाव्हणीचं कौतुक करावं म्हणून ती पुढं झाली.

“नमस्कार,” ती मोबाइलला म्हणाली. “ही निकिता, आमच्या शिवकन्येची मैत्रीण. सेलूची हाय. लय गुणाची पोर. जल्मात पहिल्यांदा म्हशीला हात लावायलीय, तरी सकाळपासून नुसतं शेण काढायलीय बघा बिचारी.”

निकितानं डोळे मिटले. कलेक्टरिणीनं ती संधी साधून ओढणी परत तोंडात घेतली.

राजेश्री मॅडमनी मागं वळून सुगत सरांकडं बघितलं. मग म्हणाल्या, “शिवकन्या कोण आहे? समोर या बरं.”

शिवकन्या आली. मॅडमनी तिला ओळखलं. “तुम्ही त्या पहिल्या ना? वेळेचं भान राहत नाही म्हणणाऱ्या?”

“हो.”

“ही म्हैस तुमची?”

“हो.”

“मग तिच्याबद्दल तेव्हा का नाही बोललात?”

“तुमी इचारलंच न्हाई.”

“आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं,” मॅडम म्हणाल्या. “तरी एकेक जण येऊन सांगत होता. एकानं मुंगसाचं सांगितलं. एकजण तर आपल्या चुलत्याचं सांगून गेला, जनावर नाही म्हणून. परत जाताना गाडीत आम्ही म्हणत होतो, या भागातली मुलं जनावरांवर किती जीव लावतात. मी तसं साहेबांना कळवलंसुद्धा.”

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. शिवकन्येनं सगळं सांगून टाकलं. मॅडम ऐकत होत्या. मागं सुगत सरांचे खांदे हलत होते. पण सगळ्यात आधी बोलली ती निकिता.

“म्हणजे तू थाप मारली होतीस?”

“मारली होती. तुला सांगणार होते, पण तू इस्त्री करत बसलीस.”

“आणि ती मारकी आहे, हे?”

शिवकन्येनं म्हशीच्या पाठीवरची माशी उडवली.

“शिवे, मी हिचं पोट घासलं. दोनदा घासलं.”

“माझी म्हैस तू न इचारता कंपनीला नेऊन दिलीस, त्याचं काय?”

“मी दिली? तूच सगळ्या कॉलेजाला…”

भांडण चांगलंच पेटलं. मध्ये कलेक्टरीण शांतपणे ओढणी चघळत होती. पलीकडं मॅडम ऐकायच्या थांबल्या नाहीत, की कॉलही बंद केला नाही. शेवटी कडूबाईनंच चहा निवायला लागला म्हणून मोबाइल खांबावरून सोडला, आणि सोडता सोडता कॉल कट झाला.

सोमवारी भुजंग सरांनी दोघींना खोलीत उभं करून कॉलेजच्या इज्जतीवर भरपूर ऐकवलं. बोलता बोलता ते मुंगसापाशी आले आणि त्यांना स्वतःलाच हसू फुटलं, म्हणून त्यांनी दोघींना घाईनं बाहेर पाठवलं. कंपनीकडून मात्र काही कळेना. निकिता आणि शिवकन्या एका बाकावर बसत होत्या, पण मध्ये दप्तर ठेवून. निकिताला वाटत होतं, जागा गेली. शिवकन्येला वाटत होतं, आपल्यामुळं गेली. आणि रात्री जेवताना तिला घास गोड लागेना. तिनं मॅडमना एक मेसेज पाठवला: चूक माझी आहे, निकिताला काढू नका. तो तिनं तीनदा खोडून परत लिहिला होता. नंतर कळलं, निकितानंही तसाच एक पाठवला होता, पण तिच्या मेसेजात ‘चूक जास्त करून शिवकन्येची आहे’ असं होतं.

मॅडमचं उत्तर भुजंग सरांच्या मेलवर आलं. जागा एकच आहे आणि आठवडे चार आहेत. दोघींनी दोन-दोन आठवडे करावेत. पहिलं कोण जाणार ते तुमचं तुम्ही ठरवा, फक्त आमच्यासमोर भांडू नका.

निकिता पहिली गेली, कारण तिची बॅग भरलेलीच होती. दोन आठवड्यांनी शिवकन्या संभाजीनगरला पोहोचली, तेव्हा निकिता तिला घ्यायला स्टेशनवर आली होती. तिनं खोलीची किल्ली दिली, ऑफिसला कोणती सिटी बस जाते ते सांगितलं, कोणत्या खुर्चीवर पंखा लागतो ते सांगितलं आणि तिला मिठी मारून परतीच्या गाडीत बसली. ती इतक्या प्रेमानं वागली की शिवकन्येला जरा शंका यायला हवी होती.

शिवकन्येला तक्रारींच्या फोनवर बसवलं. गोपीचंद दुकानदारांकडं फिरत होता, आणि परमेश्वर चक्क मीटिंगमध्ये हात वर करून बोलत होता. शिवकन्येला कामात मजा यायला लागली. पुडा फुटका निघाला, बिस्किटं सादळली, अशा तक्रारी करणारी माणसं सुरुवातीला तापलेली असायची आणि तिच्याशी बोलता बोलता घरच्यासारखी व्हायची. जालन्याच्या एका आजींनी तर फुटक्या पुड्यावरून सुरुवात करून सुनेपर्यंत सगळं सांगितलं आणि शेवटी पुडा बरा होता म्हणाल्या.

शुक्रवारी चहाच्या वेळी सुगत सरांनी सगळ्या खुर्च्या गोल मांडायला लावल्या. अकाउंटवाले आले, गोडाऊनची माणसं आली, राजेश्री मॅडमही येऊन बसल्या. गोपीचंद आणि परमेश्वर मागं उभे होते आणि दोघांच्याही चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

“चला, शिवकन्या,” सुगत सर म्हणाले. “आम्ही आठवडाभर वाट बघतोय.”

“कशाची, सर?”

“तुमच्या गाण्याची. निकितानं सांगितलंय, तुम्ही फार सुरेख गाता. पण लाजाळू आहात, आधी नाही नाही म्हणाल, तर ऐकायचं नाही.”

शिवकन्येचा आवाज कसा होता, हे वालूरला कुणालाही विचारा. शाळेत तिला समूहगीतात फक्त ओठ हलवायला उभं करायचे. ती म्हणाली, “सर, मला गाता येत न्हाई.” सगळे समाधानानं हसले. निकितानं सांगितलं होतं तसंच चाललं होतं.

तिनं परमेश्वरकडं बघितलं. परमेश्वर छताकडं बघत होता. म्हणजे ह्यालाही ठाऊक होतं.

मग ती उठली, ओढणी सारखी केली, हात जोडले आणि डोळे मिटून तिनं शाळेची प्रार्थना सुरू केली.

प्रार्थना म्हटल्यावर बसून कसं राहणार? आधी गोडाऊनचे म्हातारे रामराव उठले. मग अकाउंटवाले. मग सुगत सर, हातातला कप खुर्चीवर ठेवून. राजेश्री मॅडमही उठल्या आणि त्यांनी हात जोडले. शिवकन्या बेसूर गात होती, पण मनापासून गात होती, आणि प्रार्थनेला कडवी भरपूर होती. तिला ती सगळी पाठ होती. एक कडवं संपलं की कुणीतरी सुटल्यासारखं खाली टेकायचं, आणि शिवकन्या पुढचं सुरू करायची. डोळे तिनं उघडलेच नाहीत. गोपीचंदनं खांबाला टेकून रुमाल तोंडात कोंबला होता. परमेश्वर मात्र पुढं आला, तिच्या शेजारी हात जोडून उभा राहिला, आणि प्रत्येक ओळ तिच्या मागून खड्या आवाजात म्हणायला लागला.

प्रार्थना संपली तेव्हा सगळ्यांच्या कपातल्या चहावर साय आली होती.